करपलेल्या खसखशीचा वास

खसखस करपल्याचा वास आला की मला शहराच्या सदर भागातल्या केटरिंग कॉलेजातला माझा पहिला तास आठवतो. हॉटेलातली शेफची नोकरी सोडून मी शिकवायला लागलो होतो. एक मुलगी सावजी मसाल्यासाठी खसखस भाजत होती. दाणे तांबूस होताच मी सवयीने तिच्या हातून कढई ओढली. ती म्हणाली, "सर, तुम्हीच करून राहिले, तर मले कसं समजंल?" मी कढई परत दिली आणि हात पाठीमागे बांधले. खसखस करपली. तिनं वास घेऊन विचारलं, "याच्या आधी कोणता वास येते, सर?" माझ्या हातांना तो ठाऊक होता, पण तोंडाला शब्द सापडेना. म्हटलं, "दुसरी खसखस घे, दोघं मिळून शोधू." आजही वर्गात माझे हात पाठीमागेच असतात, नाक तेवढं पुढे.