सभेतली एकटी जनता

आमचं उपनगर म्हणजे चार गल्ल्या आणि एकशे ऐंशी माणसं. तरी त्याला स्वतःचं कौन्सिल आहे, पाच सभासद आहेत आणि इतिवृत्त लिहायला मी आहे. डोलोरेस कुझमा बावीस वर्षं अध्यक्ष. सभेला जनता म्हणून एकच माणूस यायचा, तिचा नवरा एमिल.

"नाव, पत्ता?" ती दर महिन्याला विचारायची.

"अडतीस वर्षं तुझ्या शेजारी घोरतोय, अजून नाव विचारतेस?"

"नियम आहे."

तो निमूट नाव-पत्ता सांगायचा. तक्रारही तीच: कोपऱ्यावरच्या दिव्याचा उजेड थेट त्यांच्या अंथरुणावर येतो, झोप लागत नाही.

"अध्यक्षाच्या घरचं काम सगळ्यात शेवटी," ती म्हणायची. मला तो निव्वळ ताठा वाटायचा. आजही वाटतो.

मार्चमध्ये एमिल गेला. एप्रिलच्या सभेत तिनं रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, "जनतेतून कुणाला बोलायचंय?" आणि नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबली. मग एका सभासदानं ठराव मांडला, एमिलच्या आठवणीसाठी त्या दिव्याला झाकण बसवू. चार हात वर गेले.

"विरोधात?" असं विचारून तिनं स्वतःचाच हात वर केला.

"आता काय झालं गं?" मला राहवलं नाही.

"अंधारात हात आपोआप त्याच्या बाजूला जातो," ती म्हणाली. "उजेडात निदान आधी दिसतं."

ठराव चार विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. झाकण आणलं, ते माझ्या कपाटात पडून आहे. नियमांची एवढी पक्की बाई, पण त्याचं काय झालं, हे तिनं आजवर विचारलेलं नाही.