फुगलेलं कडं

गावाबाहेरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला सगळे वंगणमामा म्हणत. दार करकरो की बिजागरी अडो, मामाचं बोट वंगणाच्या डब्यात बुडालंच म्हणून समजा. भटकंतीच्या गाड्या, म्हणजे चाकांवरची घरंच, त्याच्याकडे दुरुस्तीला येत. ओटा, पलंग आणि कपाटाएवढा संडास, सगळा संसार गाडीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको अशीच गाडी घेऊन आले होते. संडासाच्या भांड्याच्या तळाशी झडप असते, तिच्याभोवती रबराचं कडं. कडं कोरडं पडून झडप अडकत होती. मामाने सवयीने बोटभर वंगण फासलं. झडप लोण्यासारखी सरकली. "बघा बाई, गाडी मोडेल, पण ही झडप अडायची नाही," म्हणत त्याने मिशीवरून हात फिरवला होता.

आज तीच गाडी पुन्हा दारात उभी होती. मास्तर आत पलंगावर पडलेले, गालफडं बसलेली. बाई एकट्याच खाली उतरल्या.

"मामा, गाडी विकायचीय. गिऱ्हाईक बघा."

"का हो? एवढ्या हौसेनं घेतलेली!"

"यांचं पोट बिघडलंय. गाडीभर घाण वास. मी एकदा बोलून गेले, जरा तरी लाज बाळगा. तेव्हापासून हा माणूस पाणीच पीत नाही, संडासला जावं लागू नये म्हणून. परवा चक्कर येऊन पडले."

मामा थेट संडासात शिरला. त्याने भांड्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते तिथेच थांबायला हवं; खालच्या टाकीतला वास तेच अडवतं. पण पाणी बघता बघता झिरपून गेलं. त्याने कडं काढलं. फुगलेलं, लिबलिबीत रबर बोटांना चिकटलं. लोखंडाला मानवणारं वंगण रबराला खातं, हे त्याला मागे कुणीतरी सांगितलं होतं. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

कडं खिशात टाकावं, नवं बसवावं, गप्प राहावं. कुणाला कळणार होतं? पण दाराच्या फटीतून मास्तर दिसले. संडासात कुणी शिरलं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मामा कडं हातात घेऊनच बाहेर आला.

तो पलंगाशी जाऊन उभा राहिला. "मास्तर, पोट तुमचं नाही बिघडलं. अक्कल माझी बिघडली होती. नको ते वंगण लावलं, कडं खराब झालं. वास टाकीतला आहे."

मास्तर हळूच वळले. "म्हणजे मी नव्हे?"

"तुम्ही नव्हे."

"अगं ऐकलंस का? हा सगळा वास मामांचा आहे म्हणे!" मास्तर खोकत खोकत हसले.

बाई हसल्या नाहीत. त्या गाडीच्या पायरीवर मटकन बसल्या.

"बाई, काय बोलायचं ते मला बोला," मामा म्हणाला.

"तुम्हाला बोलीन हो सावकाश. आधी सांगा, यांच्यासमोर आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मामा संडासात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि नवं कडं नुसत्या पाण्याने ओलं करून बसवू लागला.