कोरड्या फरशीवर

आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक करडी रेघ आहे. ती आईच्या बोटांची आहे. दिवाळीत रंग काढला तरी संक्रांतीपर्यंत ती परत उमटते. तीस वर्षं आई भिंतीला धरून चालते आहे. कुणी विचारलं की सांगते, "मला चक्कर येते ना."

तिला चक्कर येत नाही. हे फक्त मला माहीत होतं, आणि सांगायची मला इतकी भीती वाटायची की चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तोंड उघडलं नाही.

याची सुरुवात टीव्हीतल्या बर्फावर झाली. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत राहायचो आणि घरात नुकती केबल आली होती. रविवारी जेवणं उरकली की खेळांच्या चॅनेलवर व्यावसायिक फिगर स्केटिंगच्या स्पर्धा लागायच्या. ऑलिंपिक खेळून मोकळी झालेली मंडळी तिथे उतरायची. स्टेडियममधले दिवे मंदावायचे, एकच झोत फिरायचा, आणि तिशी ओलांडलेल्या बायका अशा काही गिरक्या घ्यायच्या की आमची आमटी ताटात गार व्हायची. ऑलिंपिकमध्ये मनाई असलेली कोलांटउडी इथे खुशाल चालायची. परीक्षक दहापैकी मार्क द्यायचे, पण आमच्या घरी त्यांच्याआधी आईचे मार्क जाहीर व्हायचे.

आई शाळेत गणित शिकवायची. जुनी पाटी मांडीवर घेऊन ती बसायची आणि कार्यक्रम संपताक्षणी खडूने आकडा लिहून पाटी वर धरायची. "साडेसात. हातवारे फार, पाय कमी." "सहा. हसण्याचे मार्क नसतात." दहा तिने एकदाच दिले, तेही पडलेल्या बाईला. निळ्या साध्या पोशाखातली ती बाई उडीवरून उतरताना सपशेल आपटली आणि लगेच उठून पुढची गिरकी घ्यायला लागली. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. परीक्षकांनी मार्क कापले. आईने मात्र पाटी दोन्ही हातांनी वर धरली.

आई स्वतःही तेव्हा तशीच होती. पहाटे पर्वती चढायची, मोपेडवरून शाळेत जायची आणि लक्ष्मी रोडवर बसवाल्यांनाच दटावायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मी चौदा वर्षांची होते आणि मला ती निळ्या पोशाखातली बाई व्हायचं होतं. पुण्यात बर्फ कुठून आणणार? पण बाबांच्या कॅरमची पावडर होती. शनिवारी दुपारी घरात कुणी नसलं की मी मधल्या खोलीतल्या मोझॅइकच्या फरशीवर ती शिंपडायचे, शाळेचे मोजे चढवायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत जायचे. एक पाय मागे उचलून अर्धी गिरकीसुद्धा यायला लागली होती. नंतर सगळं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे.

एका शनिवारी आईची मोपेड तासभर आधीच खाली थांबली. मी घाईघाईने झाडू फिरवला. फरशी स्वच्छ दिसत होती. आईने दारात चपला काढल्या, पिशवी घेऊन आत आली आणि तिचा पाय सटकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मनगट विचित्र वळलं होतं, डोळे मिटलेले होते. मला आधी वाटलं, आई गेली.

आणि त्यानंतर मी जे केलं ते आजही हाताच्या बोटांना आठवतं. मी मोरीतून ओलं फडकं आणलं आणि तिच्याभोवतीची फरशी पुसली. मग कोरड्या फडक्याने ती कोरडी केली. मोजे कपाटात कोंबले. आणि मग शेजारच्या काकूंना हाक मारली.

काकूंनी आल्या आल्या फरशीवरून हात फिरवला. "अहो, कोरडी तर आहे! पडलात कशा?" शुद्धीवर आलेल्या आईलाही कळेना. दवाखान्यात रक्तदाब, साखर, कान सगळं तपासलं आणि काहीच निघालं नाही. "चक्कर आली असेल," डॉक्टर म्हणाले, आणि आईने ते कायमचं मान्य केलं. प्लॅस्टर निघालं, पण मोपेड विकली. पर्वती सुटली. शाळेचे जिने नकोत म्हणून चार वर्षांनी नोकरीही सोडली. दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं. दर वेळी मागच्यापेक्षा जास्त दिवस उलटलेले असायचे, आणि मी ते पुढे ढकलायचे.

यंदा पावसाळ्यात तिला साधा ताप आला. ताप उतरला, पण ती पलंगावरून उठेना. डॉक्टर घरी येऊन गेले. "आजी, गुडघे उत्तम आहेत तुमचे. पण चालला नाहीत तर महिन्याभरात पाय उचलायचे नाहीत." बाहेर येऊन मला म्हणाले, "भीती बसली आहे. कशाची ते बघा."

मला काही बघायची गरज नव्हती. ते आठ दिवस ऑफिसात बसून मी एकच हिशेब मांडत होते. सांगितलं तर आई जाईल, म्हणजे माझ्यापासून जाईल. नाही सांगितलं तर तिचे पाय जातील.

रविवारी तिला जरा बरं वाटावं म्हणून मी इंटरनेटवर त्या जुन्या स्पर्धा शोधल्या आणि टीव्हीवर लावल्या. आता त्या तशा कुठे होत नाहीत, झाल्या तरी कुणी दाखवत नाही. कुणीतरी तेव्हा कॅसेटवर उतरवून ठेवलेलं, मुंग्या आलेलं चित्र. आई उशीला टेकून बघत होती. "सात," ती पुटपुटली. मग निळ्या पोशाखातली बाई आली, आणि पुन्हा तशीच आपटली, तशीच उठली.

"बघितलंस? उतरताना पाय चुकला तिचा," आई म्हणाली. "आपण का पडलो ते तिला कळलं, म्हणून उठता आलं. मी कोरड्या फरशीवर पडले. पुन्हा कुठे पडेन, सांगता येतं का?"

मी टीव्ही बंद केला आणि सगळं सांगितलं. कॅरमची पावडर, मोजे, झाडू, फडकं. माझा आवाज चौदा वर्षांच्या मुलीसारखा येत होता.

आईतल्या गणिताच्या बाईंनी प्रश्न विचारला. "आधी फडकं की आधी काकू?"

"फडकं."

"म्हणजे मला चक्कर आलीच नव्हती."

"नाही, आई."

"कधीच?"

"कधीच नाही."

ती पाय खाली सोडून उभी राहिली. हात सवयीने भिंतीकडे गेला. तिने तो मध्येच थांबवला आणि मागे घेतला. मी उठले तशी म्हणाली, "मागे मागे येऊ नकोस."

ती पॅसेजच्या मधोमध निघाली. दोन्ही बाजूंना हातभर जागा, आधार कशाचाच नाही. आठ दिवस न चाललेले पाय थरथरत होते. अर्ध्यावर ती डावीकडे झुकली. आता पडली तर तेही माझ्यामुळेच. पण मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तिचा हात काही भिंतीला लागला नाही.

स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. मी हळूच डोकावले. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती ओट्याला न टेकता उभी होती. तिने चहा टाकला होता, आणि समोर एकच कप काढून ठेवला होता, स्वतःचा.