शबाना बत मरियम

किस्से काय, मागवावे लागतात होय? न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकला की आम्ही पनवेलच्या ऑफिसात फोनची वाट बघत बसायचो. मिस्ड कॉलचे दिवस होते ते. रिकामं बसून करायचं काय? बोलायचं!

आमचे हेडक्लार्क शालोमकाका बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. ट्रान्सपोर्टवाले सलीमभाई रोज "सलाम" करत आत यायचे. एकदा काका म्हणाले, "तुमचं सलाम, तुमचं सलीम आणि माझं शालोम, सगळ्यांचं मूळ एकच. स-ल-म. अरबी-हिब्रूत बहुतेक शब्द असे तीन अक्षरांतून फुटतात. अर्थ काय, तर सुखरूप, शांत."

तेवढ्यात सलीमभाईंनी फोनवर ड्रायव्हरला अशी काही शिवी हासडली!

काका म्हणाले, "मूळ शांत आहे. फांद्यांचं मी सांगत नाही."

*

मग सगळ्यांनाच नावांचं खूळ लागलं. यार्डाच्या गेटवर डेव्हिड नावाचा एक महाखडूस माणूस बसायचा. काकांनी सांगितलं, "डेव्हिड काय, दाऊद काय, अर्थ एकच. लाडका."

उरणचा आमचा कोळी ड्रायव्हर किसनदादा. त्याने गंभीरपणे विचारलं, "कुनाचा?"

*

सलीमभाईंच्या मुलीला, शबानाला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ गेलेलं. या वेळी सातव्यातच कळा सुरू झाल्या आणि तिला हॉस्पिटलात ठेवलं. सलीमभाई ऑफिसात येऊन नुसते बसायचे. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

एकदा त्यांनीच विचारलं, "काका, अल्लाला रहीम म्हणतो आम्ही, त्याचं मूळ काय?"

"र-ह-म. आमच्याकडे रहामीम नाव असतं. दया. आणि आईच्या गर्भाशयाचा शब्दही यातलाच, तुमच्यातही आणि आमच्यातही."

सलीमभाई म्हणाले, "म्हणजे वरच्याला तिथलं सगळं ठाऊक असणार."

*

शनिवारी काका त्यांना सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात घेऊन गेले. वाटेत विचारलं, "बायकोचं नाव काय?"

"मरियम. पण आजारी शबाना आहे ना!"

"आमच्यात आजाऱ्यासाठी मागताना आईचं नाव लावतात. बापाला कोण विचारतो?"

प्रार्थनेत नाव घेतलं गेलं, 'शबाना बत मरियम'. बत म्हणजे मुलगी; मरियमची मुलगी शबाना. पुढच्या बाकावरचे आजोबा मागे वळले. "ही कुणाची हो? आपल्यातली वाटत नाही."

"पनवेलची," काका म्हणाले.

सगळ्यांनी मोठ्यांदा आमेन म्हटलं. मागच्या बाकावर सलीमभाई ढसाढसा रडले.

मंगळवारी ते धावतच ऑफिसात शिरले. किसनदादा ओरडला, "पयलं सांगा, पोरगी बरी हाय ना?"

"दोघी!" सलीमभाईंनी काकांचे हात घट्ट धरले. "त्या आजोबांना सांगा, शबाना बत मरियमला बत झाली!"