मागच्या दाराच्या लाद्या

हल्ली आमच्या वाडीत कुणी घराला हात घातला की आधी माझ्या पडवीत येऊन बसतो. "काका, अंगणात कुठली लादी टाकू? मागच्या दाराला काय करू?" अरे बाबांनो, मी काय गवंडी आहे? माझी अख्खी नोकरी महाडात एका कचेरीत कारकुनी करण्यात गेली. चवदार तळ्यामागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी एसटी पकडून कापडे गावाच्या पुढच्या या वाडीत घरी यायचो. खिळा ठोकायला घेतला तरी बायको म्हणायची, "तुमी सरा, मी ठोकते." अशा माणसाकडे लोक सल्ला मागतात, आणि मी देतो. सांगून सांगून कंटाळा आलाय, तरी देतो. कारण गेल्या वर्षीच्या आषाढात बायको मागच्या दारात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

तर ऐका. घराबाहेर, जिथे ओले पाय यायचे आहेत तिथे, चकचकीत लादी लावू नका. दुकानात ती छान दिसते, कारण दुकानात पाऊस पडत नाही. आपल्याकडे चार महिने ओल हटत नाही, आठ दिवसांत शेवाळ धरतं. पॉलिश न केलेली शहाबादी घ्या, नाहीतर गाड्या उभ्या करतात तिथली ती खरबरीत पार्किंगची लादी घ्या. तेही नको असेल तर नुसता कोबा करा आणि सिमेंट ओलं आहे तोवर खराट्याने त्यावर आडव्या रेघा ओढा. एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात, आणि परवा बघावं तर टेंपोतून आरसे उतरवून घेताहेत. कपाळ माझं!

आमच्याकडे वेगळं काय झालं म्हणा. घर आम्हा तिघा भावांचं. मी थोरला, धाकटे दोघे मुंबईला, एक कांदिवलीला आणि एक दिव्याला. गणपतीला सगळे येतात, पाच दिवस घर भरतं, मग उरलेलं वर्ष आम्ही दोघं आणि ही कौलं. मागची पडवी शेणाने सारवलेली होती. तिथून खाली उतरलं की चार पावलांवर न्हाणी, आणि त्याच्या पलीकडे बायकोची बाग. गणपतीच्या दिवसांत ती चार पावलं म्हणजे नुसता रबरबाट. भावजयांनी तक्रार केली ती काही खोटी नव्हती. धाकट्याने मोबाइलवर फोटो पाठवला, त्याच्या कांदिवलीच्या स्वयंपाकघरात आहेत तशाच पिवळसर लाद्या. मे महिन्यात पडवीला, पायऱ्यांना, न्हाणीपर्यंत सगळीकडे बसवून टाकल्या. बायको वाकून बघत म्हणाली, "ह्यात माजं तोंड दिसतंय. पाय कुठं ठिवायचा?" आम्ही सगळे हसलो.

दीड महिन्यात तिने पाय ठेवला आणि पडली. सकाळची वेळ, भेंडीवर मावा पडला होता म्हणून चुलीतली राख घमेल्यात घेऊन ती बागेत निघाली होती. मी पुढच्या पडवीत चहा पीत होतो. आधी घमेल्याचा आवाज आला, मग तिचा. धावत गेलो तर ती दारातच आडवी, राख सगळीकडे, आणि म्हणते काय, "राख सांडली बगा सगळी." बाई, तू पडलीस आणि तुला राखेची पडलीय! उठवायला हात घातला तेव्हा ती जी ओरडली, ते ओरडणं अजून माझ्या कानातून जात नाही.

शेजारच्यांच्या जीपमध्ये घालून महाडला नेली. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डॉक्टर भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड जुळेल. पण त्यांना चालवा. खाटेवर बसायची सवय लागली की माणूस उठत नाही." मी विचारलं, बागेत जाईल का ती? ते म्हणाले, का नाही जाणार? तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट चालू आहे. ती स्वतःच्या पायांनी बागेत जाईल की नाही, एवढीच.

बाग म्हणजे फुलांची बिलांची नाही. ती उमरठची, माहेरून आली तीच हाताला माती लावून आली. मांडवावर शिराळी, पडवळ, तवशी, मांडवाखाली अळू आणि हळद, कडेने भेंडी, एका वाफ्यात लाल माठ. पावसाळ्यात आमच्याकडे भाजी विकत आणलेली मला आठवत नाही. मी महाडाहून शनिवारी यायचो तेव्हा ती बागेतच असायची, आणि मी हाक मारली की तिथूनच म्हणायची, "आले, आले," आणि अर्धा तास यायची नाही.

ती बाग माझ्या गळ्यात पडली. मागच्या दाराशी तिची खाट टाकली, बाजूला वॉकर ठेवला, आणि ती तिथून हुकूम सोडायला लागली. "अवो, अळू मुळासकट कशाला उपटताव? देठ मोडा. भायरचा मोडा, आतला वाढू द्या." "माठ काय मुठीनं पेरलात? इरळ करा जरा." "वेलाच्या बुडात पाणी साचतंय, मातीची भर द्या, नायतर कुजंल." कचेरीत साहेबाने इतकं झापलं नव्हतं. तिचा मांडव वाऱ्याने आडवा झाला, तो मी नव्याने घातला तर कमरेएवढा झाला. सगळा मोसम वाकून वाकून मी शिराळी तोडली आणि ती खाटेवरून बघत हसायची. "कारकुनाचा मांडव," म्हणायची, "खुर्चीत बसून तोडायला केलाय." मांडव घालाल तर तोडणाऱ्याने हात वर केल्यावर जिथे पोचतो तेवढा उंच घाला, हा त्यातला सल्ला.

दिवसभर तिचं करायचं, चूल करायची, बाग करायची, आणि संध्याकाळी फोनवर भावांशी भांडायचं. हो, भांडायचो. "तुझ्या लाद्यांनी माझ्या बायकोचं हाड मोडलं," असं धाकट्याला मी तोंडावर सांगितलं. गेल्या गणपतीला सगळे आले तेव्हा धाकट्याची बायको हिच्या खाटेपाशी बसून रडली, "वहिनी, माझ्यामुळं झालं हो." मी तिथेच उभा होतो.

या मे महिन्यात मी लाद्या फोडायला काढल्या. भावांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. पोलादपूरचा एक म्हातारा गवंडी मिळाला, हाताने मंद पण नजरेने पक्का. त्याने आधी पाणी ओतून बघितलं आणि ओरडला, "ढाळ तर घराकडं दिलाय कुणी!" म्हणजे पाणी बाहेर जायचं सोडून जोत्यात मुरत होतं. तुम्ही कराल तेव्हा आधी हे बघा, लादी बसायच्या आधी बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पायऱ्या दोन होत्या त्या त्याने चार केल्या, बुटक्या आणि रुंद, त्यांवर रेघा ओढलेला कोबा, आणि दारात खरबरीत पार्किंगची लादी. दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपाचा कठडा, थेट बागेच्या बांधापर्यंत. कठडा किती उंच घ्यायचा म्हणून त्याने तिलाच उभं केलं. वॉकर सोडून, माझ्या खांद्याला धरून ती उभी राहिली, हात सैल सोडला, आणि त्याने मनगटापाशी सुतळी धरून माप घेतलं. ती म्हणाली, "ब्लाउजचं माप बी असं कुनी घेतलं नाय." त्या दिवशी मला वाटलं, जमतंय. आता जमतंय.

लाद्या फोडता फोडता गवंड्याने विचारलं, "कुटं पडल्या वयनी?" मी दाराची जागा दाखवली. तो उकिडवा बसून हात फिरवायला लागला. "हितं तर वरून कौल हाय, पानी येत नाय. शेवाळ बी नाय. कोरड्या लादीवर मानूस असा नाय सटकत. पायाखाली काय हुतं?"

मी खाली वाकून लाद्यांचे तुकडे गोळा करायला लागलो. तेवढ्यात खाटेवरून ती म्हणाली, "चप्पल हुती. माजीच चप्पल सटकली." त्याने मान हलवली आणि पुन्हा हातोडा उचलला.

आता हे लिहायलाच हवं. बायको बागेत जाताना जन्मात कधी चप्पल घालत नाही. तिच्या पायाखाली गोणपाट होतं, आणि ते मी टाकलं होतं. आमच्याकडे पावसाळा आला की दारात गोणपाट टाकायचंच, पाय पुसायला. बापाने टाकलं, मी टाकत आलो. शेणाच्या जमिनीवर गोणपाट चिकटून बसतं, ओढलं तरी निघत नाही. लादीवर ते पाण्यावरच्या पानासारखं सरकतं. हे डोक्यात यायला काय लागतं? पण मला आलं नाही. नव्या लाद्या खराब होऊ नयेत, तिचा पाय ओला राहू नये, म्हणून त्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जाडसं, धुतलेलं गोणपाट अंथरलं आणि चहा प्यायला बसलो. ती पडल्यावर लोक जमायच्या आधी मी ते उचलून न्हाणीमागे टाकलं. का टाकलं, ते मला विचारू नका. आणि मग वर्षभर भावाला शिव्या घातल्या.

गवंडी दुपारी जेवायला गेला तेव्हा मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. म्हटलं, "अगो, ते गोणपाट मी टाकलं होतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी टाकताना मी चुलीपाशी हुते. बगत हुते."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"बोलून काय, हाड जुळनार हुतं? मी पन तिथंच टाकलं असतं." मग म्हणाली, "भाऊजींना मातुर सांगा. त्यांची बायको उगाच रडली."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी धाकट्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, वहिनी चालते का पण?" मी म्हटलं, चालेल. कठडा करतोय, चार पायऱ्या करतोय, त्यांवर रेघा ओढतोय, चालेल.

पाऊस लागायच्या आत काम पुरं झालं. मी ते दोन महिने जपलं. दर आठ दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं, शेवाळाचा एक ठिपका राहू दिला नाही. स्वतः अनवाणी, ओल्या पायांनी, हातात घमेलं घेऊन वीस वेळा खालीवर केलं. एकदाही सटकलो नाही. मांडव या वर्षी उंच घातला, तिच्या हाताच्या उंचीचा. घरात ती वॉकर सोडून भिंतीच्या आधाराने फिरायला लागली होती, चुलीपाशी बसायला लागली होती. फक्त मागचं दार राहिलं होतं. रोज म्हणायची, उद्या.

परवा श्रावणातलं ऊन पडलं तेव्हा मी म्हटलं, चल. ती उठली. दारापर्यंत आली, डाव्या हाताने कठडा धरला. मी एक पायरी खाली उभा, दोन्ही हात पुढे करून. तिने पाय उचलला, उंबऱ्याबाहेर काढला, लादीला टेकवला. मग मी तिचा हात बघितला. पाइप इतका घट्ट आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. जन्मभर ही बाई डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरली, खाली कधी बघितलं नाही. आता ती नुसती खाली बघत होती.

तिने पाय परत आत घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मी काहीबाही बोललो. लादी खरबरीत आहे, मी धरलंय, काही होत नाही, डॉक्टर म्हणाले होते. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. "लादी चांगली झालीय. लय चांगली झालीय," ती म्हणाली. "मलाच नाय जमत आता."

खाटेवर बसली, विळी पुढे ओढली आणि म्हणाली, "तुमी तोडून आना, मी हितं चिरते." मी टोपली घेऊन खाली गेलो. मला रडायला येत होतं, ते तिला दिसू नये म्हणून मांडवाच्या पलीकडच्या बाजूला गेलो आणि तिथून शिराळी तोडायला लागलो. एकेक करून तोडत अगदी कडेच्या वेलाशी आलो तेव्हा दारातून तिचा आवाज आला.

"अवो, ते कडंचं थोरलं शिराळं तोडू नका. सुतळी बांधून बियाला ठिवा. पुढल्या साली तुमाला पेरायला लागंल."

मी खिशातून सुतळी काढली आणि त्याला बांधली.