पावणेचार तास

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या देवळात दर रविवारी प्रसादाची पातेली एक तरुण मुलगा घासतो. नशेच्या गोळ्या विकताना पकडला गेला होता. जजनं तुरुंगात पाठवलं नाही. लोकांत राहून सुधारेल म्हणत देखरेखीखाली प्रोबेशनवर सोडलं आणि दोनशे तासांची बिनपगारी कम्युनिटी सर्व्हिस दिली. त्या तासांच्या फॉर्मवर सही माझी असते. फॉर्म पुढे करण्याआधी तो हात तीनतीनदा पुसतो, आणि काहीही बोलला तरी शेवटी ‘चालेल ना, काका?’ जोडतो.

गेल्या रविवारी किचनमध्ये एका मावशींची बीपीच्या गोळ्यांची डबी पडली. गोळ्या चहूकडे घरंगळल्या. आम्ही सगळे वाकलो. तोही वाकला, मग एकदम सरळ झाला आणि ओले हात पाठीमागे धरून भिंतीला लागून उभा राहिला. मावशींनी त्याच्यादेखत गोळ्या दोनदा मोजल्या. सगळ्या होत्या. तरी तो जागचा हलला नाही, आणि त्याला ‘ये रे’ म्हणून कोणी बोलावलं नाही. मीही नाही.

निघताना त्यानं फॉर्म पुढे केला.

“आज पावणेचार तासच लिहा. पंधरा मिनिटं मी नुसताच उभा होतो. चालेल ना, काका?”

मी पावणेचार लिहिले.