नणंदेसाठी आलेली बाई

दारू सोडलेल्या आम्ही नऊ जणी, सगळ्या आया, दर रविवारी दुपारी अंबडला एका बालवाडीच्या खोलीत जमतो. आज सिन्नरहून एक नवीन बाई आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मी माझ्या नणंदेसाठी विचारायला आलेय हं. ती घेते."

कुणी हसलं नाही. पहिल्या दिवशी आमच्या प्रत्येकीची नणंद, जाऊ नाहीतर शेजारीणच पीत असते. आम्ही खोदून विचारत नाही, चहा देतो.

तिने चहा संपवला. मग म्हणाली, "नणंदेची मुलगी शाळेतून आली की आधी आईच्या तोंडाचा वास घेते. दारू सोडल्यावर हे थांबतं का?"

माझा मुलगा अजून माझ्या तोंडाचा वास घेतो.

भाजी विकणारी आमची सुनीता म्हणाली, "थांबतं, पण लय दिवस लागतात. माझं पोरगं वरीसभर वास घ्यायचं. मी चिडायचे नाय. घरी आले की मीच वाकून तोंड पुढं करायचे."

नंतर मी त्या बाईला जीपपर्यंत सोडलं. आत बसल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, मला नणंदच नाही."

"माहितीये. मीपण शेजारणीसाठीच आले होते. रविवारी ये."

तुमच्याकडे कुणी 'मैत्रिणीसाठी' असं विचारत आलं, तर तुम्ही आधी काय विचाराल? मैत्रिणीचं नाव, की चहा घेणार का?

घरी आले तर मुलाने दार उघडलं. आज मीच वाकले. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "चहा प्यायलीस."